कामालाही आणि रानवाटेलाही एकच एटीव्ही: बेल्टची घेऊ की गिअरची?

नमस्कार मंडळी,

दोन महिने माहितीपत्रकं चाळून डोकं भणभणलंय, म्हणून आता तुम्हाला विचारतो. मला एकच क्वाड, म्हणजे शेता-रानात चालणारी चार चाकांची एटीव्ही, घ्यायची आहे. आठवड्याचे पाच-सहा दिवस ती कामाला जुंपलेली असेल: कुंपणाचे खांब नि तारेची भेंडोळी वाहणं, ट्रॉलीतून सरपण ओढणं, मागे टाकी ठेवून फवारणी. सुट्टीच्या दिवशी रानवाटांवर चार-पाच तास फिरायचं. दोन गाड्या ठेवायला जागा नाही आणि दोन इंजिनांची निगा राखायला वेळही नाही.

सगळे पहिल्यांदा "किती सीसी?" असं विचारतात. माझी चिंता वेगळी आहे, आणि ती का आहे हे आधी सांगतो.

मागच्या पावसात एका मित्राची क्वाड मागून आणली होती. ट्रॉलीत ओली लाकडं, बरीच. चढ आरामात चढलो, इतका की तो चढ आहे हे जाणवलंही नाही. परत तीच वाट उतरताना अंगठ्याखालचा थ्रॉटल पूर्ण सोडला, तरी गाडी हळू होईना. मागचा ब्रेक दाबला तर मागची चाकं जाम होऊन ओल्या गवतावरून घसरायला लागली. मग ट्रॉलीने मागून रेटा दिला. दांडी आणि गाडी यांच्यात कोन होत गेला आणि मागचा भाग आडवा वळू लागला. ट्रॉलीचं एक चाक झाडाच्या बुंध्याला अडकलं म्हणून थांबलो. इंजिन बंद केल्यावरही हँडलवरची बोटं सुटेनात, एकेक करून सोडवावी लागली.

तेव्हापासून गाडी चढते कशी हे मी बघत नाही, उतरते कशी तेवढंच बघतो. यादीत सध्या गिअरच्या होंडा रँचर ४२० आणि फोरमन ५२० आहेत, बेल्टच्या (गिअर बदलावे लागत नाहीत अशा) यामाहा कोडिएक ४५० आणि ७०० आहेत, आणि पोलारिस स्पोर्ट्समन ५७०. बेल्टची गाडी उतारावर मोकळी सुटते असं ऐकलंय, ते खरं का? मागचा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा दांडा) अखंड असावा की दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन? आणि पॉवर स्टिअरिंगशिवाय भागेल का? माझं वजन ८८ किलो आहे, तेही हिशेबात धरा.

– कुंपणवाला

*

कुंपणवाला दादा, तुम्ही थोडक्यात वाचलात. प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवून विचारलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

बेल्टच्या गाडीत दोन पुली असतात. इंजिन फिरायला लागलं की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुलीची तोंडं जवळ येतात आणि बेल्ट आवळला जातो. थ्रॉटल सोडला की फेरे उतरतात, पकड ढिली होते. साध्या रचनेत याच क्षणी चाकं आणि इंजिन यांचा संबंध तुटतो आणि गाडी मोकळी धावते. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झालं. पण सगळ्या बेल्टगाड्या अशा नसतात. यामाहाच्या रचनेत बेल्ट कायम ताणलेला राहतो. सुटण्या-धरण्याचं काम तेलातला वेगळा क्लच करतो, आणि उतारावर चाकांनी इंजिनाला फिरवावं यासाठी त्यात एकाच दिशेने धरणारा क्लच बसवलेला असतो. म्हणून ती थ्रॉटल सोडल्यावर गिअरच्या गाडीसारखी धरून उतरते.

आता जी गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत ती सांगतो. फोर बाय फोरचं बटण दाबलं म्हणजे उतारावर चारही चाकं धरतीलच असं नाही. काही गाड्यांत पुढची चाकं "गरज पडली की" जोडली जातात, म्हणजे मागची चाकं घसरून पुढच्यांपेक्षा जोरात फिरली तरच. उतरताना नेमकं उलटं होतं. इंजिन मागच्या चाकांना अडवतं, ती पुढच्यांपेक्षा हळू फिरतात, त्यामुळे पुढची जोडलीच जात नाहीत. सगळा अडसर मागच्या दोन चाकांवर येतो आणि उतारावर तीच हलकी झालेली असतात. स्पोर्ट्समनची फोर बाय फोर याच जातीची आहे. उतारासाठी चारही चाकांना धरणारी वेगळी सोय तिच्या काही मॉडेलांत मिळते, सगळ्यांत नाही. घेणार असाल तर ती सोय आहे का हे आधी बघा. होंडा आणि यामाहात फोर बाय फोर लावलं की पुढचा ॲक्सल जोडलेलाच राहतो.

आणि बेल्टची गाडी कोणतीही घ्या, ट्रॉली जोडली की लो रेंज, म्हणजे कमी वेगाचा पण जास्त जोराचा टप्पा. हाय रेंजमध्ये ओझं घेऊन रांगत राहिलात तर बेल्ट घसरतो, तापतो, आणि त्या जळक्या रबराचा वास एकदा आला की समजायचं, आयुष्य कमी झालं.

– पाना_पकड

*

वरचं सगळं पटलं. पण दादा, ट्रॉलीत किती किलो होतं? "बरीच लाकडं" हे माप नव्हे. मी सहा वर्षं क्वाडवरून फवारणी करते, म्हणून विचारतेय.

पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो झाले, वर टाकी आणि पंप वेगळे. रँचरच्या मागच्या रॅकची मर्यादा ६० किलो आहे आणि कोडिएक ७०० ची ९०. म्हणजे ती टाकी दोन्हींच्या रॅकवर बसत नाही. शिवाय गाडीची एकूण भारमर्यादा असते. तिच्यात तुमचे ८८ किलो, दोन्ही रॅकवरचं सामान आणि हिचवर (ट्रॉली जिथे जोडतात तिथे) टेकणारं दांडीचं वजन, हे सगळं मोजायचं असतं. पुस्तिकेतलं ते पान आधी उघडा आणि वहीत बेरीज मांडा. बरेच जण फक्त ओढण्याचा आकडा बघतात.

ओढण्याचं म्हणाल तर रँचर ३८५ किलो, कोडिएक ७०० थेट ६०० किलो. पण ७०० ची गाडी स्वतःच ३०० किलोच्या आसपास असते. स्वतःच्या दुप्पट वजन, तेही ब्रेक नसलेल्या ट्रॉलीत, ओल्या उतारावर मागे घेऊन उतरायचं? मी उतारावर कंपनीच्या आकड्याच्या निम्म्याच्या वर कधी जात नाही. ट्रॉलीत माल भरताना तो चाकांच्या किंचित पुढे रचा, एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा दांडीवर यावा इतका. सगळा मागे ढकलला की दांडी वर उचलली जाते आणि मागच्या चाकांची उरलीसुरली पकडही जाते.

अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आडव्या उतारावर वळताना आतलं पाणी एका बाजूला धावतं, त्याचा धक्का कमरेला जाणवतो. टाकीत आडवे पडदे असतील तर उत्तम. मी आता टाकी ट्रॉलीवरच ठेवते. रॅकवर फक्त नळी आणि हत्यारं.

– रानजाई

*

रानवाटांबद्दल मी लिहितो, कामातलं मला कमी कळतं.

अखंड ॲक्सलला भाग कमी, झिजायला कमी, आणि मागे ओझं असलं की गाडी बसत नाही. पण त्याच्या गिअरपेटीची गाठ चाकांच्या मध्ये खाली लोंबते. खोल चाकोरीत किंवा दगडावर तीच पहिली आपटते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये पोटाखालची जागा मोकळी राहते आणि चार तासांनी कंबर शाबूत असते. त्याचं दुखणं एवढंच की ओझं टाकलं की मागचा भाग खाली बसतो. कामाच्या दिवशी शॉकॲब्सॉर्बरच्या खालची रिंग दोन खाचा घट्ट करायची, सुट्टीच्या दिवशी सैल. दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्या दोन्ही गरजा बघता मी स्वतंत्रच घेईन.

पॉवर स्टिअरिंग घ्याच. हलकं वळतं म्हणून नाही. पुढचं चाक लपलेल्या दगडावर आदळतं तेव्हा हँडल हातातून हिसकावलं जातं, तो झटका ते शोषून घेतं.

टायरमधल्या हवेकडे कुणी बघत नाही. या टायरांना मोटारीच्या मानाने फारच कमी दाब लागतो, आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. मोटारीच्या गेजवर एवढ्या खाली नीट वाचताच येत नाही, कमी दाबाचा वेगळा गेज घ्या. मागच्या दोन टायरांत एक-दीड पीएसआयचा फरक असला तरी गाडी एका बाजूला ओढते.

आणि मोठ्या इंजिनाचा मोह धरू नका. एकटे असताना गाडी चिखलात बसली की प्रत्येक जादा किलो आपल्याच पाठीवर येतो. विंच (अडकलेली गाडी दोरीने ओढून काढणारं यंत्र) मात्र असू द्या, दोरी सिंथेटिक. तुटलीच तर पोलादी दोरासारखी अंगावर झेपावत नाही.

– पायवाट

*

सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाईताई, तुमचं वाचून लाकडांचा अंदाज बांधला. साडेचारशे किलोच्या खाली नक्की नव्हतं. चूक गाडीइतकीच माझी होती.

अजून एक विचारतो. मुलगी बारा वर्षांची आहे, रानवाटेवर मागे बसायचा हट्ट धरते. सीट लांब आहे, बसवली तर चालेल का? आणि उलटली तर वाचवणारी मागची कमान बसवावी का?

– कुंपणवाला

*

नाही. दादा, यात मधला मार्ग नाही. ती लांब सीट दुसऱ्या माणसासाठी नसते, चालवणाऱ्याला पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकता यावं म्हणून असते. चढावर पुढे झुकायचं, उतारावर मागे सरकायचं, आडव्या उतारावर वरच्या अंगाला. मागे कोणी बसलं की तुम्ही जागेवर खिळता, आणि चढावर तिचं वजन नेमकं मागच्या ॲक्सलच्या मागे पडतं. दोघांसाठी लांब चाकांतराची वेगळी मॉडेलं असतात, ती असतील तर गोष्ट निराळी. तिला स्वतः शिकायचं असेल तर तिच्या वयाची छोटी गाडी. तुमच्या यादीतल्या मोठ्या गाड्या सोळा वर्षांखालच्यांसाठी नाहीत.

कमान जरूर बसवा. ऑस्ट्रेलियात ११ ऑक्टोबर २०२१ पासून विक्रीला येणाऱ्या कामाच्या नव्या क्वाडवर अशी सोय सक्तीची आहे. तिथे या गाड्या उलटून माणसं खाली चिरडली जात होती, म्हणून हा नियम आला. ३०० किलो छातीवर आल्यावर एकट्या माणसाला ते उचलता येत नाही. कमान असली तर खाली श्वास घ्यायला जागा राहण्याची शक्यता वाढते. हेल्मेट मात्र तरीही हवंच, अगदी फवारणीलासुद्धा.

– रानजाई

*

काल दोन गाड्या त्याच उतारावर नेऊन आलो, ट्रॉलीत मोजून १८० किलो. अखंड ॲक्सलची रँचर पहिल्या गिअरमध्ये थ्रॉटल सोडून उतरवली, ब्रेकला हात लावावा लागला नाही. मग कोडिएक ७००, लो रेंज, फोर बाय फोर. तीही तशीच उतरली, फक्त अगदी खाली, वेग फारच कमी झाल्यावर, क्षणभर सुटल्यासारखी वाटली. चाकोरीत रँचरची गाठ दोनदा घासली. कौल कोडिएककडे झुकतोय. एक वापरलेली मिळतेय. मीटरवर ६४० तास आणि ५,७६० किलोमीटर. घेऊ का? बघताना काय बघू?

– कुंपणवाला

*

खालचं ते सुटणं स्वाभाविक आहे. फेरे खूप उतरले की तो तेलातला क्लच सोडतो. तिथे दोन्ही ब्रेक हलके धरायचे.

किलोमीटरला तासांनी भागा. ताशी नऊ. म्हणजे गाडी जन्मभर ओझ्याखाली रांगलेली आहे. ते वाईटच असं नाही, पण नीट बघा. तेलाची कांडी काढा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी बोट फिरवा, चिखल लागला तर तिथूनच परत फिरा. पुढचं टोक उचलून चाक वर-खाली हलवा, खटखट आली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग गेलंय. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांवरची रबरी आवरणं, म्हणजे बूट, फाटलेत का बघा. आणि सगळ्यात शेवटी हिचच्या पट्टीचं भोक बघा. ते गोल हवं. लांबट झालं असेल तर मालकाने काय ओढलंय ते कळेल.

– पाना_पकड

*

आत्ताच बघून आलो. तेल स्वच्छ, फिल्टरचा डबा कोरडा, बूट शाबूत. भोकात करंगळी घालून फिरवली, मागच्या बाजूला चांगलं बोटभर लांबलंय आणि पट्टीही वाकलेली आहे. सोडून दिली. दुसरी एक आहे, ३१० तासांची. रविवारी ट्रॉली घेऊनच बघायला जातोय.

– कुंपणवाला