नवी सिस्टीम आली, पण लोक एक्सेल सोडत नाहीत. सल्ला हवाय

कोरा_कागद (धागाकर्ती)
मंडळी, आमच्या देखभाल विभागात चाळीसेक माणसं आहेत. कुठलं मशीन कधी बंद पडलं, काय दुरुस्ती केली, कोणता सुटा भाग लागला, हे सगळं आजवर एका सामायिक एक्सेलमध्ये असायचं. आता नवं सॉफ्टवेअर आलंय आणि ते लोकांच्या अंगवळणी पाडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. ट्रेनिंग झालं, लॉगिन दिले. तरी सगळे एक्सेलमध्येच काम करतात आणि शिफ्ट संपताना घाईघाईने सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी भरून टाकतात. साहेब म्हणतात, पुन्हा ट्रेनिंग ठेवा. मला नाही वाटत त्याने काही होईल. कुठली पद्धत वापरावी? सल्लागार नेमावा का? आणि दोघं-तिघं उघड विरोध करतात, त्यांचं काय?

सरळरेघ
संस्थेत बदल कसा राबवावा याच्या जॉन कॉटर यांच्या आठ पायऱ्या बघा. १९९५ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडल्या होत्या. आधी निकड पटवायची, मग वजनदार लोकांची फळी उभी करायची, मध्येच छोटी यशं दाखवायची वगैरे.

खिळा_हातोडा
कॉटर चांगलेच आहेत, पण ती पद्धत अख्ख्या कंपनीची दिशा बदलणाऱ्यांसाठी. इथे एका विभागाने एक एक्सेल सोडायचंय. त्यापेक्षा ॲडकार नावाची पद्धत सोपी पडेल. जाणीव, इच्छा, ज्ञान, क्षमता आणि बदल टिकवणं, असे पाच टप्पे. माणूस नेमका कुठे अडलाय ते आधी शोधायचं. ट्रेनिंगने फक्त ज्ञान मिळतं. तुमचे लोक शिफ्टच्या शेवटी का होईना भरतात, म्हणजे वापरता येतं त्यांना. अडलंय ते इच्छेपाशी.

सल्लागाराचं म्हणाल तर एक सांगतो. पहिल्याच स्लाइडवर "बदलाचे ७० टक्के प्रयत्न फसतात" असं दिसलं, तर आकडा आणला कुठून ते विचारा. मार्क ह्यूज या अभ्यासकांनी २०११ मध्ये याचा माग काढला होता, भक्कम पुरावा कुठेच सापडला नाही.

दुसरी_पाळी
विरोध करणाऱ्यांबद्दल लिहितो, कारण तिथेच खरी गोम आहे.

अमेरिकेत व्हर्जिनियात हारवुड नावाचा पायजमे बनवणारा कारखाना होता. तिथला कोच आणि फ्रेंच या दोन संशोधकांचा अभ्यास १९४८ साली प्रसिद्ध झाला. बदल अगदी किरकोळ होता. इस्त्री करणारे कामगार अर्ध्या डझनाची चळत पुठ्ठ्यावर रचायचे, ती आता खोक्यात रचायची. एका गटाला बैठकीत बोलावून बदल का हवा ते सांगितलं, नगामागे मिळणारा नवा दर समजावला, शंकांना उत्तरं दिली आणि झालं. म्हणजे तुमच्याकडे झालं तसंच. त्यांचं उत्पादन तासाला ६० युनिटांवरून ५० च्या आसपास आलं ते तिथेच राहिलं, आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक नोकरी सोडून गेले. ज्या गटांतल्या सगळ्यांनाच नवं काम ठरवण्यात घेतलं होतं, त्यांचं उत्पादन झपाट्याने सावरलं आणि आधीपेक्षा साधारण १४ टक्के वर गेलं. त्यातलं कुणी सोडून गेलं नाही.

पण मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या गटातल्या उरलेल्या कामगारांना काही महिन्यांनी दुसऱ्या कामावर हलवलं आणि या वेळी ठरवण्यात सहभागी केलं. तीच माणसं, पण आता पटकन सावरली. तेव्हा "आमचे लोकच तसले" हे म्हणणं जरा बाजूला ठेवा.

सर्वात कडवा विरोधक असेल त्याच्या शेजारी एक पूर्ण पाळी बसा. समजवायला जाऊ नका, नुसतं बघा.

सरळरेघ
पण हाच प्रयोग पुढे नॉर्वेत एका बुटांच्या कारखान्यात केला, तेव्हा उत्पादनात फरक दिसला नव्हता ना?

दुसरी_पाळी
बरोबर, १९६० चा अभ्यास. तिथे ज्या गोष्टी कामगारांना ठरवायला दिल्या, त्यांचा उत्पादनाशी फारसा संबंध नव्हता. रंग कुठला हवा एवढंच विचारून लोक बदल आपलासा करत नाहीत. फॉर्ममध्ये काय असावं, हे खरोखर त्यांच्या हातात द्यावं लागेल.

कोरा_कागद
बसले काल. दोन गोष्टी कळल्या. सॉफ्टवेअरमध्ये एक नोंद करायला चौदा रकाने सक्तीचे आहेत. हाताला ग्रीस असतं, दर वेळी हातमोजे काढा, हात पुसा, मग टाइप करा. आणि एक्सेलच्या शेवटी "शेरा" रकाना आहे. त्यात पुढच्या पाळीसाठी लिहितात, "बेअरिंग आवाज करतंय, लक्ष ठेवा." सॉफ्टवेअरमध्ये त्याला जागाच नाही! मशीन खरं चालतं ते त्या रकान्यावर, आणि खरेदी करताना तो कुणी पाहिलाही नसणार.

खिळा_हातोडा
सापडलं मग. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन हेच सांगायचे, ढकलण्याचा जोर वाढवला की ताण वाढतो, त्यापेक्षा अडवणारं काढा. शेऱ्याची जागा आधी करून घ्या. सक्तीचे रकाने किती ठेवायचे ते त्या विरोधकांनाच ठरवू दे. हे झाल्यावर एक्सेल फक्त वाचण्यापुरतं उघडं ठेवायचं, तारीख जाहीर करून. दोन्हीकडे नोंदी चालू राहिल्या तर लोक जुन्याकडेच जाणार.

कोरा_कागद
तारखेला साहेब कचरतील. "होईल हळूहळू" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दुसरी_पाळी
त्यांचा सकाळचा अहवाल कुठून निघतो? एक्सेलमधून असेल तर पहिल्यांदा तो बदला. साहेब स्वतः एक्सेल बघताहेत तोवर खालचं कुणी ते सोडणार नाही.

कोरा_कागद
एक्सेलमधूनच निघतो. मीच काढते. सोमवारपासून सॉफ्टवेअरमधून काढून देते, बघू काय म्हणतात.