मदत हवी आहे: लॅबमधून काढलेलं टाइटव्हीएनसी परत परत उगवतंय

लॅबमामा:
आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ४२ पीसी आहेत, सगळे विंडोज १०, डोमेनला (सगळे पीसी आणि लॉगिन एकाच सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या नेटवर्कला) जोडलेले. मी लॅब असिस्टंट. नेटवर्किंग जे येतं ते मारून मुटकून शिकलेलं. टेबलावरून हलायला न लागता प्रॅक्टिकलच्या फाइली पाठवता याव्यात म्हणून सगळ्यांवर अल्ट्राव्हीएनसी (दुसरा पीसी आपल्या पीसीवरून चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं.

कनेक्ट सगळीकडे होतं, पासवर्डही चालतो, पण काही पीसींवर फाइल ट्रान्सफर काही केल्या होत नाही. शेवटी उठून १७ नंबरवर जाऊन बसलो. घड्याळाशेजारी दोन आयकॉन! एक अल्ट्राचा डोळा आणि त्याला खेटून टाइटव्हीएनसी, त्याच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर, आधीच्या मेंटेनन्सवाल्याच्या काळातलं. नेटस्टॅट (कुठला पोर्ट कोणी धरलाय ते दाखवणारी कमांड) मारलं तर व्हीएनसीचा ५९०० पोर्ट टाइटने धरलेला. म्हणजे सकाळी जो आधी उठेल त्याचा पोर्ट, असा कारभार, आणि अशा पीसींवर मी अल्ट्रा समजून टाइटलाच जोडला जात होतो.

टाइट सगळीकडून अनइन्स्टॉल केलं. आठ दिवस बरे गेले, मग परत हजर. तेही सगळीकडे नाही, खिडकीकडच्या रांगेतच जास्त. व्हायरस स्कॅनमध्ये काही नाही. पोरांना ॲडमिन राइट्स नाहीत, त्यामुळे त्यांचा उद्योग नसावा.

हे टाकतंय कोण? आणि टाइटला माझा पासवर्ड कसा चालतो? मी तर तिथे कधी दिलाच नव्हता.

खटपट्या:
पासवर्डचं सांगतो. या दोन्हींचा नेहमीचा व्हीएनसी पासवर्ड फक्त पहिली ८ अक्षरं बघतो, पुढचं कितीही लिहा. तुमचा आणि आधीच्या माणसाचा पासवर्ड कॉलेजच्या नावानेच सुरू होतो का? (इथे लिहू नका म्हणजे झालं.)

लॅबमामा:
हो. नाव तेच, पुढचं साल तेवढं वेगळं. लाज वाटली.

केबलकाका:
ग्रुप पॉलिसीत (डोमेनमधल्या सगळ्या पीसींना सर्व्हरवरून लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) कोणीतरी स्टार्टअप स्क्रिप्ट, म्हणजे पीसी बूट होताना आपोआप चालणारी फाइल, ठेवून गेलंय असा माझा अंदाज. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, जीपीरिझल्ट कमांडने पीसीला लागू असलेल्या पॉलिसींचा एचटीएमएल रिपोर्ट काढा आणि कॉम्प्युटरच्या भागात स्क्रिप्ट्स बघा.

एक विचारतो, खिडकीकडची रांग यूपीएसवर आहे का? विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउन हे पुरतं शटडाउन नसतं. कर्नल (विंडोजचा गाभा) हायबरनेट होऊन, म्हणजे आहे तसा, डिस्कवर जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे स्टार्टअप स्क्रिप्ट चालतच नाही. रीस्टार्ट केलं, किंवा पीसी चालू असताना लाइट गेली, तर मात्र पहिल्यापासून बूट होतं. मग चालते.

लॅबमामा:
काका, दंडवत! खिडकीकडची रांग नंतर वाढवलेली, यूपीएसची लाइन तिथपर्यंत नेलेलीच नाही. गेल्या मंगळवारी ऐन प्रॅक्टिकलमध्ये लाइट गेली होती. तिकडची पोरं अर्धे प्रोग्राम गेले म्हणून बोंबलत होती, आणि बुधवारी टाइट परत.

स्क्रिप्ट सापडली. टाइटची एमएसआय (इन्स्टॉलरची फाइल) इन्स्टॉल करणारी एकच ओळ, आणि त्यात पासवर्ड उघडा लिहिलेला.

केबलकाका:
ती फाइल सिसव्हॉलमध्ये (डोमेन सर्व्हरवरच्या सगळ्यांसाठीच्या शेअर फोल्डरमध्ये) असेल तर डोमेनचं कुठलंही लॉगिन ती वाचू शकतं, पोरांचंसुद्धा. पासवर्ड फुटला असं धरून चाला. नवा ठेवाल तो पहिल्या अक्षरापासून वेगळा ठेवा.

लॅबमामा:
आजच बदलतो. आता टाइट काढायला ४२ पीसींवर परत फिरू का?

केबलकाका:
कशाला पायपीट? त्याच ओळीत इन्स्टॉलच्या स्लॅश आयच्या जागी अनइन्स्टॉलचा स्लॅश एक्स घाला, पासवर्डचा तुकडा उडवा. एमएसआय तीच राहू द्या, हलवू नका. मग सगळे पीसी एकदा रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्ट! नाहीतर भिंतीकडच्या रांगा लाइट जायची वाट बघत बसतील, आणि त्या तर यूपीएसवर.