'फ्लोटिंग' पिन: तरंगती की अधांतरी?

टिपणवाली: शाळेतल्या मुलांसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाची टिपणं मराठीत करतेय आणि एका शब्दापाशी अडलेय. जीपीआयओ १७ (बोर्डाची सिग्नल देण्या-घेण्याची एक जोडणी), म्हणजे पट्टीवरची ११वी पिन. तिचा आतला पुल-डाउन (पिनेला ० कडे ओढून ठेवणारा रोधक, म्हणजे रेझिस्टर) बंद केला, एक मोकळी वायर लावून ठेवली आणि पिनेवर ० आहे की १ ते वाचणारी जीपीआयओगेट ही आज्ञा चालवत राहिलं, की कधी ० येतो, कधी १. वायरजवळ नुसतं बोट नेलं तरी आकडा बदलतो. ही 'फ्लोटिंग' अवस्था. मी 'तरंगती पिन' लिहिलं होतं. सहकारी म्हणतात, 'अधांतरी' लिहा.

जुना रेडिओवाला: अधांतरीच! तरंगणाऱ्या लाकडाला खाली पाण्याचा आधार असतो. या पिनेला ना ३.३ व्होल्टचा आधार, ना ग्राउंडचा. आणि 'पिन' तरी कशाला? आमच्या दुरुस्तीच्या दुकानात आयसीला (चिपला) पायच असायचे. "सात नंबरचा पाय आधी गरम कर" हे ऐकतच मी डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंग करायला, शिकलो.

घाटमाथा: दुकानात ठीक, पण इथे बोर्डाचंच नाव पाय. 'पायचा अकरावा पाय' वाचून मुलं गोंधळतील. पिनच ठेवा.

शब्दनिष्ठ: पिन ठेवाल, मग पुल-अपही तसाच ठेवाल. 'ऊर्ध्वकर्षक रोधक' म्हणायला काय हरकत आहे? परका शब्द घेताना आधी घरात शोधावं.

घाटमाथा: घरातलाच हवा तर 'आधार' घ्या. पिन अधांतरी, म्हणून तिला रोधकाचा आधार द्यायचा: पुल-अप म्हणजे वरचा आधार, पुल-डाउन म्हणजे खालचा. जीपीआयओ २ आणि ३ ला बोर्डावरच १.८ किलोओहमचा वरचा आधार कायमचा आहे, म्हणून हा प्रयोग त्यांच्यावर होत नाही. एका जोडीत सगळं समजतं.

शब्दनिष्ठ: आधार आवडला. पण 'अधांतरी'ची व्युत्पत्ती तपासा. अधस् + अंतर हे माझ्या आजोबांचं मत.

जुना रेडिओवाला: मग संधी 'अधोंतर' व्हायला हवा ना? मला तर त्यात 'अधर' दिसतो.

शब्दनिष्ठ: बोलीत संधी असे काटेकोर राहत नाहीत. 'अधर'मधला र कुठे गेला, ते सांगा.

टिपणवाली: पण तरंगती खोडू का? उद्या छपाईला द्यायचंय. आणि अनेकवचन 'पिना' की 'पिन्स'?

घाटमाथा: पिना! केसांच्या पिना, साडीच्या पिना म्हणतो, मग बोर्डावर आल्या की पिन्स का?

शब्दनिष्ठ: त्या घरात रुळल्या आहेत. या अजून पाहुण्या आहेत.