माहुरझरी-जुनापाणीच्या हाडांतून डीएनए निघेल का? कोणाशी बोलावं?

तर्रीपोहा_नागपूर
नमस्कार मंडळी. मी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि माझा मावसभाऊ इथेच विद्यापीठात पुरातत्त्व करून राहिला. परवा पोह्याच्या ठेल्यावर आमचं जोरात वाजलं. माझं म्हणणं असं का आपल्या आजूबाजूला एवढी शिळावर्तुळं (जुन्या थडग्यांभोवती मांडलेले दगडांचे गोल) पडली आहेत, जुनापाणीलाच तीनशेच्या आसपास आहेत म्हणतात, मग आतल्या हाडांचा डीएनए काढून ही माणसं कोण होती ते का नाही शोधत? तो म्हणतो तुम्ही लॅबवाले फक्त "सॅम्पल द्या" म्हणता, खड्ड्यात उतरून पाहा एकदा. मला खरंच प्रोजेक्ट करायचा आहे. दोन डिपार्टमेंट मिळून काही होऊ शकते का, का उगाच डोकं खपवून राहिलो मी?

खुरपी_ब्रश
मावसभाऊ बरोबर बोलून राहिला बे 😄

आधी इतिहास ऐक. जुनापाणीत पहिल्यांदा खोदलं ते रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं, 19व्या शतकात. पुढे शां. भा. देव सरांनी नागपूर विद्यापीठातर्फे टाकळघाट-खापा आणि मग 1970 ते 72 माहुरझरी खोदलं. पवनीला 1969-70 मध्ये विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण दोघं मिळून होते. नायकुंडला राज्याचं पुरातत्त्व खातं आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज, तिथेच ती लोखंड गाळायची भट्टी सापडली. म्हणजे मिळून काम करणं आपल्याकडे नवीन नाही, फक्त त्या टीममध्ये तेव्हा केमिस्ट्री-बायोलॉजीवाला शेवटी यायचा, हाडं गोण्यांत भरून झाल्यावर.

आता अडचण कुठे आहे ते सांगतो. आपली काळी माती मे महिन्यात हातभर भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यात अडीच-तीन हजार वर्षं हाड राहिलं तर चुरा होते, कधी कधी नुसता पांढुरका डाग दिसतो मातीत. त्यात 45 डिग्रीचा उन्हाळा. आणि जे हातात येतं त्याची माती आम्हीच करतो. एका साइटवर मी नवीन होतो तेव्हा हाडं नळाच्या पाण्यात घासून धुतली, उन्हात वाळवली, तुटू नये म्हणून वरून पातळ फेव्हिकॉल मारला, आणि दुपारी जेवून आल्यावर त्याच हातानं दात मोजले. कोणी सांगितलंच नव्हतं असं करू नये. आता त्या दातातून डीएनए काढला तर माझाच निघेल, आणि सोबत त्या दिवशीची वांग्याची भाजी.

झिरोमाईल
सगळं ठीक आहे हो, पण शेवटी काय होते, हाडं आपली, घाम आपला, आणि सॅम्पल जाते बाहेरच्या देशात आणि पेपरवर त्यांचं नाव. आपण आभारप्रदर्शनात. मी तर म्हणतो नकोच.

खुरपी_ब्रश
@झिरोमाईल भाऊ, राखीगढीचा (हरियाणातलं हडप्पाकालीन ठिकाण) 2019चा डीएनए पेपर पाहा, पहिलं नाव डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे सरांचं आहे, हार्वर्डवाले सोबत होते तरी. पण तुमची भीती खोटी नाही. म्हणूनच खोदायच्या आधी कागदावर ठरवावं लागते, किती ग्रॅम काढणार, उरलेलं हाड कुठे परत येणार, डेटा कोणाकडे राहणार, आणि उत्तर नकोसं आलं तरी छापायचं का नाही. 2021 मध्ये 31 देशांतल्या साठच्या वर संशोधकांनी नेचर या नियतकालिकात जुन्या डीएनएच्या कामाचे नियम मांडले ते हेच. गावकऱ्यांना विचारा, हाडांचं नुकसान कमीत कमी करा, डेटा खुला ठेवा. आपल्याकडे गावकऱ्यांना विचारायचा भाग "सरपंचाला चहा पाजला" इथेच संपते, ते वेगळं.

महालची_ताई
मी मूळची महालातली, सध्या हैदराबादला मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणू-अणूंचं वजन मोजणारं यंत्र) बसते, म्हणून लिहायची खाज आली. लांब होईल, सांभाळून घ्या.

तर्रीपोहा, तू डीएनएपासून सुरू करू नको रे बाळा. राखीगढीला 61 नमुने तपासले, तेही कानामागच्या त्या दगडासारख्या घट्ट हाडाचे मिळून, आणि कामाचा डीएनए निघाला एका बाईचा. एकच. हरियाणात ही गत, आपल्या विदर्भात काय होईल विचार कर. उष्णता आणि ओल मिळून डीएनएचे तुकडे तुकडे करतात, शिवाय तुकड्यांच्या टोकाला डीएनएतलं सायटोसिन हे अक्षर बदलून युरॅसिल होतं (तीच खूण पाहून तर आम्ही खरा जुना डीएनए आणि खुरपीदादाचा डीएनए वेगळा ओळखतो).

पण प्रथिनं जास्त टिकतात, आणि सगळ्यात चिवट दाताचं एनॅमल, म्हणजे वरचा कडक थर. दक्षिण चीनमध्ये गुहेत सापडलेल्या जायगँटोपिथेकस नावाच्या भल्यामोठ्या वानराच्या सुमारे 19 लाख वर्षं जुन्या दातातून 2019 मध्ये प्रथिनं वाचली, आणि ती जागा काही थंड नाही हं, चांगली दमट आहे. एनॅमलमध्ये ॲमेलोजेनिन नावाचं प्रथिन असतं, त्याचं एक्स गुणसूत्रावरचं आणि वाय गुणसूत्रावरचं रूप थोडं वेगळं, त्यामुळे लहान लेकराचा नुसता दात असला तरी पोरगा का पोरगी ते सांगता येतं, जे लेकराच्या हाडावरून खात्रीनं सांगता येत नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात घरातल्या जमिनीखाली रांजणात पुरलेली लेकरं निघाली, अशा ठिकाणी हा प्रश्न किती मोठा आहे बघ.

आणि माझं मन कशावर आहे सांगू? माहुरझरीच्या घोड्यांवर. माणसांसोबत घोडे पुरलेत, तोंडात लोखंडी लगाम, डोक्यावर तांब्याचे दागिने. घोडा इथे वाढला का कुठून आणला? याला डीएनए लागत नाही. दाताच्या एनॅमलमधलं स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य बघायचं, त्याच्या समस्थानिकांचं (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं) प्रमाण. घोडं शिंगरू असताना जिथला चारा-पाणी खाल्ला तिथल्या खडकाची सही दातात बसते आणि मग बदलत नाही. आता नागपूरची गंमत बघा, शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट आणि पूर्वेला फार जुने नाइस खडक, दोघांचे आकडे दूर दूर. म्हणजे आपण शिवेवर बसलोय. आधी आजच्या गवताचे, गोगलगायींचे, विहिरीच्या पाण्याचे नमुने गोळा करून स्थानिक नकाशा करायचा, हे काम बी.एस्सी.चं पोट्टं सायकलवर करू शकतं, परवानगीच्या भानगडीत न पडता. दात नंतर.

डीएनए आणि समस्थानिकं एकत्र पाहिली की काय होतं त्याला रूपकुंड आठव, ते हिमालयातलं सांगाड्यांचं तळं. सगळे एकाच गारपिटीत मेले असं धरून चालले होते. 2019 मध्ये 38 जणांचा डीएनए आला, 23 भारतीय उपखंडातले, 14 पूर्व भूमध्य भागातले, एक आग्नेय आशियातला, आणि मृत्यूंमध्ये हजार वर्षांचं अंतर. हाडांतल्या कार्बनवरून कळलेलं खाणंही गटागटाला वेगळं निघालं. नुसत्या डीएनएवाल्यानं सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते सॅम्पलची अदलाबदल झाली.

मातीच्या भांड्यांबद्दल लिहायचं राहिलं, ते खापरांत मुरलेलं तेल-चरबी वगैरे. पण एकच विनंती, भांडी धुऊ नका!!

तर्रीपोहा_नागपूर
ताई 🙏 हे तर कोणी सांगितलंच नव्हतं. गोगलगाई मंजूर. मावसभाऊ म्हणून राहिला का सायकल नको, त्याची स्प्लेंडर घेऊन रविवारी काटोल रोडनं जुनापाणीपासून सुरू करू. गवत उपटताना हातमोजे लागतील का?

महालची_ताई
गवताला हातमोजे नकोत, कागदाची पाकिटं ने, प्लास्टिकमध्ये सडते. प्रत्येक पाकिटावर जीपीएस लिही, "झाडाखाली" असं लिहू नको. आणि खत मारलेल्या वावरातलं घेऊ नको, खतात बाहेरचं स्ट्रॉन्शियम असतं.

खुरपी_ब्रश
आणि वर्तुळातला एकही दगड हलवू नका रे पोट्टेहो, सेल्फीसाठी पण नाही.