वर्षभराचे परदेशातील बिऱ्हाड : कोकणातील कुटुंबांचे अनुभव

नोकरी, संशोधन किंवा प्रशिक्षणासाठी कोकणातून अनेक कुटुंबे वर्षभरापुरती परदेशी जातात. मुदत इतकी थोडी असताना घर लवकर कसे लागले, मुले कशी रुळली, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रत्नागिरीहून ब्रेमरहाफेन
पतींच्या सागरी संशोधनामुळे आम्ही मुलीसह जर्मनीला गेलो. तेथे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. करक्रमांकही त्या नोंदीनंतरच टपालाने येतो. म्हणून घर ठरवतानाच हे पत्र मिळेल ना, याची खात्री करून घ्यावी. मुलांना शाळेत घालणे सक्तीचे असल्याने मुलीची सोय लवकर झाली आणि तिला मैत्रिणीही मिळाल्या. दिवस कठीण गेले ते माझे. पतींचे सहकारी इंग्रजी बोलत, परंतु शाळेच्या सूचना, औषधांच्या दुकानातील बोलणे आणि शेजार हे सारे जर्मनमध्ये होते, आणि ते सगळे माझ्याच वाट्याला येत असे. ‘फोल्क्सहोखशूले’ या प्रौढशिक्षण केंद्रातील भाषावर्गाला मी जाऊ लागले, तेव्हा कुठे आमचे बिऱ्हाड खऱ्या अर्थाने लागले. माझे स्पष्ट मत आहे की, घर सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या भाषावर्गाचे पैसे सर्वांत आधी बाजूला काढावेत.

मालवणहून रॉटरडॅम
सामानाविषयी लिहितो. युरोपीय संघात बाहेरून येताना तूप, खवा, पेढे असे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, आणि आंब्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. नारळाला मात्र ते लागत नाही, आणि सुकी मासळी स्वतःपुरती माणशी वीस किलोपर्यंत नेता येते. आम्ही सोडे आणि सुकट हवाबंद करून नेली होती. आजारातून उठलेल्या मुलाने पहिल्यांदा पोटभर जेवण केले ते सोड्यांच्या कालवणाबरोबर, त्यामुळे सामानातील ही जागा वाया गेली असे कोणी म्हणू नये.

गुहागरहून ॲबरडीन
डिसेंबरात तेथे साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या किनाऱ्यावर वाढलेल्या मुलांना हे फार जड जाते. सुट्टीच्या दिवशी जेवणाआधीच त्यांना बाहेर न्यावे.

अलिबागहून योकोहामा
रत्नागिरीच्या ताईंनी शाळेत घालण्याविषयी लिहिले आहे, म्हणून मी परतीविषयी लिहिते. जपानमध्ये परदेशी मुलांना सरकारी शाळेत शिक्षणशुल्काशिवाय प्रवेश मिळतो आणि शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे आपल्या जूनशी मेळ बसत नाही. निघताना येथील शाळा सोडल्याचा दाखला आणि परतताना तेथील प्रगतिपुस्तकाचे इंग्रजी भाषांतर, हे दोन्ही जवळ ठेवावे. सहा ते चौदा वयोगटातील मुलांना वयानुरूप वर्गात बसवण्याची तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. आमच्या मुलाचे लिखित मराठी मात्र मागे पडत होते. त्यासाठी त्याने दर आठवड्याला आजीला हाताने पत्र लिहावे आणि आजीने शुद्धलेखन तपासून उत्तर धाडावे, असा नेम आम्ही ठेवला, आणि परतल्यावर त्याला मराठीच्या तासाला अडचण आली नाही.