लिखाणाच्या सोबतीला कुत्रा: उपयोग होतो का?

शाईदौत: कादंबरीचं काम चालू आहे, रोज सकाळी सलग तीन तास बसायचं असतं. कुत्र्याची सोबत लिहिणाऱ्याला नेमकी कशी उपयोगी पडते? वन बीएचके फ्लॅट आहे, पिल्लू आणायचा विचार आहे.

टेकडीकर: मोठा फायदा वेळापत्रकाचा. त्याचं फिरणं-खाणं ठरल्या वेळी लागतं, म्हणून लिहायची वेळही ठरून जाते. पूर्ण वाढलेला कुत्रा दिवसाचे १२ ते १४ तास झोपतो. सकाळी फिरून, खाऊन झालं की बराच वेळ पडून राहतो. तेच तुमचे तीन तास. आधी ३०-४० मिनिटं फिरवा आणि मनसोक्त हुंगू द्या. नाकाला काम मिळालं की तो खरा दमतो. नुसता भराभर चालवून आणलेला कुत्रा घरात येरझाऱ्या घालतो. उन्हाळ्यात सातच्या आत परत या. अडलेला प्रसंग या फेरीत पुष्कळदा सुटतो, फक्त फोन खिशातून काढू नका.

पायरीवरची: कादंबरी अर्ध्यावर असताना पिल्लू नकोच. तीन महिन्यांचं पिल्लू जागेपणी दर तासा-दोन तासाला बाहेर न्यावं लागतं, शिवाय दात येताना चार्जरची वायर आधी चावतं. दोन वर्षांपुढचा, शांत स्वभावाचा गावठी दत्तक घ्या, आपली हवा त्याला मानवते.

टेबलापासून दोन हातांवर सतरंजी टाका. तिच्यावर बसला की तिथेच खाऊ द्या: आधी दहा सेकंदांनी, मग अर्ध्या मिनिटाने, मग पाच मिनिटांनी. मध्येच उठला तर वेळ वाढवायची घाई झाली असं समजा आणि एक पायरी मागे या. शू-शी, पाणी झालेलं असूनही लक्ष वेधायला भुंकला तर बघू नका, बोलू नका. पहिले काही दिवस भुंकणं वाढतं. नेमकं तेव्हा खाऊ दिलात, तर जास्त भुंकलं की मिळतं हेच तो शिकतो.

शाईदौत: आणि लिहिलेलं वाचून दाखवणं?

टेकडीकर: जरूर करा. माणसासमोर आपण अडखळलेलं वाक्य सावरून नेतो, मध्येच खुलासा करतो. कुत्र्याला खुलासा देण्यात अर्थ नसतो, त्यामुळे कानावर फक्त मजकूर पडतो. श्वास पुरला नाही तिथे पेन्सिलीने खूण करा आणि पुढे वाचत राहा. दुरुस्ती नंतर. संवादांना याचा फार उपयोग होतो.

पायरीवरची: टेबलावर चॉकलेट, मनुका, कॉफी उघडी ठेवू नका, तिन्ही त्याला विषारी आहेत. आणि दत्तक घेताना रेबीजच्या लशीची नोंद मागून घ्या.