शुर्टर मोठा की अब्सालों? ग्रुपात भांडण लागलंय, मदत करा

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी, आमचा सायकलचा ग्रुप रविवारी साखळी-वाळपई करून येतो आणि मग हॉटेलात भाजीपाव खाताना जो वाद सुरू होतो तो घरी जाईपर्यंत संपत नाही. सध्याचा विषय क्रॉस कंट्री माउंटन बायकिंग, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चढ-उतारांची सायकल रेस. स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर 2025 ला रिटायर झाला तेव्हापासून मी म्हणतोय की असा रेसर आजपर्यंत झाला नाही, पण आमच्यातला एकजण ऐकतच नाही, त्याचं एकच, फ्रान्सच्या ज्युलियन अब्सालोंकडे ऑलिंपिकची दोन गोल्ड आहेत, 2004 अथेन्स आणि 2008 बीजिंग, शुर्टरकडे एकच, विषय संपला. खरंच संपतो का हो?

लाल_माती:
नाही संपत. ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा, दीड तासाची एक रेस, त्यात एक पंक्चर झालं की गेलं सगळं. शुर्टर एलिटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, 10 वेळा वर्ल्ड चॅम्पियन आहे, पहिलं 2009 ला कॅनबेराला आणि शेवटचं 2022 ला फ्रान्समधल्या 'ले जे' इथे, मध्ये 13 वर्षं! वर्ल्ड कपची ओव्हरऑल, म्हणजे सीझनभरच्या रेसांच्या पॉइंट्सची ट्रॉफी, 9 वेळा. वर्ल्ड कपच्या रेसा जिंकल्या 36, अब्सालोंच्या 33. पण मला आकड्यांपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते, या माणसाच्या करिअरमध्ये खेळच बदलून गेला. सुरुवातीला 26 इंची चाकं, रेस दोन तासांच्या आसपास. मग सगळे मोठ्या 29 इंची चाकांवर चालले तर हा उंचीने बेताचा म्हणून 2012 ला 27.5 वर रेस करत होता, नंतर स्वतःच 29 वर आला, हार्डटेल (फक्त पुढे शॉक असलेली सायकल) सोडून फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे शॉक) घेतली, कोर्सवर रॉक गार्डन (दगडधोंड्यांचे पट्टे) आणि ड्रॉप (उंचावरून खाली उड्या) वाढत गेले, 2018 पासून वीसेक मिनिटांची शॉर्ट ट्रॅक नावाची छोटी रेस आली आणि मुख्य रेसला पुढच्या लायनीत कोण उभा राहणार ते तिच्यावर ठरायला लागलं. प्रत्येक वेळी वाटायचं आता नवीन पोरं याला खाणार. 2017 ला तर वर्ल्ड कपच्या सहाच्या सहा रेसा आणि वर वर्ल्ड चॅम्पियनशिप. असं सीझन कोणाचं दाखवा.

चोर्ला_चढ:
लाल_माती बाब, पंक्चरचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो, 2012 ला लंडनमध्ये अब्सालोंचं तेच झालं. सुरुवातीलाच टायर गेला आणि रेस सोडावी लागली, नाहीतर तिसऱ्या गोल्डला निघाला होता. आणि 2004 ते 2007 सलग चार वर्ल्ड टायटल काय कमी आहेत? अजून एक बघा, 2012 ते 2019 मध्ये शुर्टरने एकच वर्ल्ड टायटल सोडलंय, 2014 चं, आणि ते घेतलं कोणी? अब्सालोंनेच, वयाच्या 34 व्या वर्षी. शुर्टर फॉर्मात असताना हे करणं म्हणजे चवथीच्या आरतीत भजनी मंडळाचा आवाज एकट्याने दाबण्यासारखं आहे.
(कोण वाळपईच्या बाजूला जाणार असेल तर, पाऊस लागला की जांभ्यावर शेवाळ धरतं, टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवा, ब्रेक हळू मारा.)

डिचोलीकर:
अरे हे 2014 चं त्याला सांगू नका कोणी, डोक्यावर बसेल माझ्या 😄 पण लंडनला शुर्टर हरला कसा? मला फक्त सिल्व्हर आठवतं.

फोंड्याची_सायकलवाली:
शेवटच्या वळणापर्यंत शुर्टर पुढे होता, तिथे चेक रिपब्लिकचा यारोस्लाव्ह कुल्हावी आतून घुसला आणि एका सेकंदाने गोल्ड घेऊन गेला. बीजिंगला ब्रॉंझ, लंडनला सिल्व्हर आणि मग चार वर्षांनी रिओला गोल्ड, तेही त्याच कुल्हावीला मागे टाकून. माझ्या मते तुमच्या मित्राला हेच सांगा, गोल्ड एक असेल पण तीन ऑलिंपिक पोडियम आहेत. टोकियोला चौथा आला तेव्हा सगळे म्हणाले झालं, संपला, तर महिन्याभरात इटलीतल्या वाल दि सोलेला वर्ल्ड चॅम्पियनशिपला उभा राहिला आणि टोकियोचं सिल्व्हर घेतलेल्या माथियास फ्लुकिगरला, म्हणजे स्वतःच्याच देशाच्या, स्वित्झर्लंडच्या माणसाला, शेवटच्या स्प्रिंटमध्ये हरवलं. तेव्हा वय 35. ती रेस परत परत बघण्यासारखी आहे, चढावर दोघं एकमेकांकडे बघत खेळतात नुसते.
पण एक विचारू? सकाळपासून तुम्ही पुरुषांचंच चालवलंय. फ्रान्सची पॉलिन फेरां-प्रेव्हो 2015 ला एकाच वेळी रोड, सायक्लोक्रॉस (चिखल-गवतातली, अडथळ्यांची रेस) आणि माउंटन बाईक, तिन्हीची वर्ल्ड चॅम्पियन होती. 2024 ला पॅरिसमध्ये माउंटन बाईकचं गोल्ड घेतलं, मग रोडवर गेली आणि 2025 ला बायकांची पॅरिस-रुबे (दगडी रस्त्यांवरची एका दिवसाची मोठी रेस) आणि बायकांची टूर द फ्रान्स, दोन्ही एकाच वर्षात जिंकली. शुर्टर-अब्सालों दोघांनी मिळून रोडवर काय केलंय ते सांगा आधी.

चोर्ला_चढ:
बाय, हे मात्र खरं. पण मग प्रश्न क्रॉस कंट्रीचा राहिला नाही ना, सगळ्या सायकलिंगचा झाला. त्याला नवीन धागा काढा, मी येतो भांडायला.